पहिली पंगत की जमेल तेव्हा?

जहाजावर रात्रीच्या जेवणाची वेळ बांधून घ्यावी की मोकळी ठेवावी, हा प्रश्न बिदरमध्ये बसून सोडवण्याची पाळी आमच्यावर कधीकाळी येईल, असे भाकीत कुणी केले असते तर आम्ही त्याची गणना थट्टेखोरांत केली असती. आमच्या जिल्ह्याला समुद्राचे वारे नाही. पाणी म्हणून डोळे भरून पाहावे ते मांजरेचे आणि कारंजाच्या धरणाचे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात गेलो तर भीमेचे. नाव म्हणजे पैलतीराला पोचण्याचे साधन. तीत बसून कुणी पाच-पाच दिवस जेवल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते. परंतु भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद ह्या बाजूंच्या मराठी घरांतील लेकी आणि मुलगे आता दूरदेशी संसार थाटून बसले आहेत, आणि आईवडील भेटीस गेले की त्यांना जहाजाची सफर घडवण्याची हौस त्यांना असते. तेव्हा आमच्यावर जो प्रसंग गुदरला तो उद्या आमच्या वाचकांपैकी कुणावरही येऊ शकेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्च २०२४ मध्ये आम्ही उभयता आणि आमच्या वडील भगिनी, म्हणजे अक्का, असे तिघे अमेरिकेत टेक्सास राज्यातील लेकीकडे जाणार होतो. लेकीने तेथील गॅल्व्हेस्टन बंदरातून निघून मेक्सिकोतील कोझुमेल आणि प्रोग्रेसो ह्या दोन बंदरांना जाऊन येणारी पाच रात्रींची सफर ठरवली. आम्ही तिघे, लेक, जावई आणि दोन नातवंडे मिळून सात माणसे. जाण्यापूर्वी एके रात्री तिचा फोन आला. "बाबा, अर्जात जेवणाची वेळ विचारली आहे. पहिली बैठक पावणेसहाला, दुसरी आठला. नाहीतर मोकळी वेळ, साडेपाच ते साडेनऊच्या दरम्यान केव्हाही. काय लिहू?"

आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "मोकळी लिही." सौभाग्यवतींनीही मान डोलावली. अक्का शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिला आम्ही विचारलेच नाही. ह्या न विचारण्याची किंमत पुढे तिलाच मोजावी लागली.

आम्ही मोकळी वेळ का पसंत केली, ते सांगितले पाहिजे. आमच्या भागात अन्न वाढण्याच्या दोन्ही तऱ्हा शेकडो वर्षे नांदत आल्या आहेत. कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूर आहे. भीमा आणि अमरजा ह्यांच्या संगमाजवळ श्रीनृसिंहसरस्वतींचे वास्तव्य झाले, आणि दत्तमहाराज आजही मध्यान्ही तेथे भिक्षेला येतात अशी भाविकांची श्रद्धा आहे. कोणत्या रूपात येतील ते कुणालाच ठाऊक नसते. म्हणून भर दुपारी जो झोळी पुढे करील त्याला नाही म्हणावयाचे नाही. तेथे माधुकरी मागणाराही घड्याळाचा बांधलेला आणि घालणाराही. बारा वाजून गेल्यावर भिक्षा आहे, पण तो क्षण नाही. उलट आमच्या बिदरमध्येच, झिऱ्याच्या काठी, गुरुद्वारा नानक झिरा साहिब आहे. तेथील लंगरात पहाटे जा, रात्री जा, डोके झाकून पंक्तीत बसा. समोर ताट येते. केव्हा आलात, असे कुणी विचारीत नाही. नांदेडहून येणारे ट्रकवाले शीख बांधव आणि आमच्यासारखे तिकडून सहज जाणारे ह्यांना तेथे एकच न्याय. बसवण्णांच्या कल्याणातून आलेली दासोहाची परंपराही ह्याच मातीतली; कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे नाव तर दासोहाशीच जोडलेले आहे. तात्पर्य, ठरल्या वेळेची भिक्षा आणि वेळ न पाहता वाढलेले अन्न, दोन्ही आम्हांस परकी नव्हेत. मात्र दोहोंपैकी एक निवडा म्हटल्यावर मनाने झिऱ्याकडेच धाव घेतली, कारण घरातल्या पंगतीचा जाच आम्ही बालपणी पुष्कळ सोसला होता. निदान आमची समजूत तशी होती.

आमच्या वडिलांचे जेवण दुपारी बाराला. त्यांचे पान मांडलेले नसले तर ते बोलत नसत, नुसते पाटाकडे पाहत. ते पाहणे पुरे असे. त्यांच्या पंक्तीला काका आणि कुणी पाहुणे. मग शाळेतून आलेली आम्ही मुले. मग मळ्यातून आलेले गडी. एवढे सारे उरकून आई आणि अक्का चुलीपुढे बसत तेव्हा तीन वाजलेले असत. अक्का १९७१ साली, तेविसाव्या वर्षी, कपाळ पुसून माहेरी परत आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरचा स्वयंपाक तिच्याकडे गेला. पुढे आई गेली, वडील गेले, आमचे लग्न झाले, सौभाग्यवती शाळेत शिकवू लागल्या. परंतु अक्काचे जेवण मात्र सर्वांच्या मागून, राहिलेल्या भाकरीवर आणि तळाच्या आमटीवर, तसेच चालू राहिले. शेजारच्या कानडी बायका कुंपणावरून विचारीत, "अक्का, ऊट आयता?" ती म्हणे, "आता बसतेच." ते 'आता' किती लांबेल ह्याचा हिशेब घरात कुणी ठेवला नाही. आमच्या घरी जेवणाची वेळ बांधलेली होती हे खरे, पण ती जेवणारांची. रांधणाऱ्यांची वेळ मोकळीच होती.

२०१६ साली अक्काच्या रक्तात साखर फार वाढल्याचे निघाले. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्शुलिन सुरू केले आणि बजावून सांगितले, "सुई टोचल्यावर अर्ध्या तासात ताटावर बसायचे. थांबायचे नाही. कोण जेवले, कोण राहिले, बघायचे नाही." ह्या औषधाचे काम असे की ते अंगात गेले की रक्तातील साखर खाली ओढू लागते, अन्न पोटात आले असो वा नसो. अन्न वेळेवर आले नाही तर साखर फार खाली जाते. आधी घाम, मग हातांना कंप, मग बोलण्यात विसंगती, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर माणूस बेशुद्ध पडते. आयुष्याच्या अडुसष्टाव्या वर्षी अक्काला पहिल्यांदाच कुणीतरी वेळेवर जेवायला फर्मावले होते, आणि ते फर्मावणारी एक सुई होती. घरात हे नीट बसले. संध्याकाळी सातला सुई, साडेसातला भाकरी आणि पातळ भाजी. इतके अंगवळणी पडले की आम्ही त्याकडे लक्ष देणेच सोडून दिले.

आता जहाजाविषयी थोडे. जहाजाचे मोठे भोजनगृह कितीही विस्तीर्ण असले तरी सर्व उतारू एकाच वेळी त्यात मावत नाहीत, म्हणून जुन्या काळापासून दोन बैठका ठरल्या. ह्याला आपण सरळ पहिली पंगत आणि दुसरी पंगत म्हणावे. अर्थ तंतोतंत तोच आहे. पहिली उठली की मेजे पुसून, नवी कापडे घालून, दुसरी बसते. मुदपाकखान्यालाही हेच सोयीचे, कारण किती पाने आणि केव्हा, हे आधी कळते. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या उतारूंना जेवणाची वर्दी बिगूल वाजवून देत. त्याही आधी, १९०५ साली, 'अमेरिका' नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटन हे स्वतंत्र उपाहारगृह निघाले. तेथे आपल्या सवडीने यावे, हवा तो पदार्थ मागवावा आणि त्याचे निराळे पैसे मोजावे. म्हणजे मोकळी वेळ ही त्या काळी धनिकांची चैन होती. सर्वसाधारण उतारूला ती मिळाली ती अगदी अलीकडे. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने बांधील बैठकच मोडीत काढली, आणि पाहता पाहता इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या जहाजांवर मोकळ्या वेळेचा पर्याय ठेवला. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही मिळतात.

तिसरा एक मार्ग आहे, तो गांधीजींनी १८८८ साली विलायतेला जाताना अवलंबिला. काट्याचमच्याची सवय नाही, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचे धैर्य नाही. तेव्हा ते भोजनगृहाकडे न फिरकता आपल्या खोलीतच, बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खाऊन राहिले, असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मनातही असेच काहीसे होते. धपाट्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा त्यांनी सिद्ध ठेवला होता. परंतु घरी केलेले पदार्थ जहाजावर बहुधा चढू देत नाहीत. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या पाकिटांना तेवढी मुभा असते. डबा लेकीच्या घरीच राहिला.

पहिल्या दिवशी दुपारी जहाजावर चढलो. खोल्या शोधण्यात, सामान लावण्यात, संकटकाळी कुठे जमायचे ते समजावून घेण्यात संध्याकाळ झाली. साडेसहाच्या सुमारास जावयांनी फोनवरून मेजासाठी नाव नोंदवले. पाऊण तासाच्या आत मेज मिळेल असा सर्वांचा अंदाज होता. त्या हिशेबाने पावणेसातला अक्काने खोलीतच सुई टोचून घेतली आणि आम्ही भोजनगृहाच्या दाराशी येऊन उभे राहिलो.

मोकळ्या वेळेची मेख अशी की ती सर्वांनाच मोकळी असते. सात-साडेसातच्या सुमारास सर्वांना एकदमच भूक लागते. त्यातही दोघांचे मेज लवकर सुटते. सात माणसांना एकत्र बसावयाचे असेल तर थांबावे लागते. आम्ही थांबलो. सव्वासात झाले, साडेसात झाले. नातवाने "दोन मेजांवर बसू या" अशी सूचना केली. आम्ही ती मोडून काढली. पहिल्याच दिवशी कुटुंब वाटून कसे बसायचे? सर्वांनी मिळून जेवायचे, हा आमचाच हट्ट. पावणेआठच्या पुढे गेल्यावर नात म्हणाली, "आजी, अक्का-आजी एवढी ओली का झाली आहे?"

पाहतो तो अक्का भिंतीकडेच्या खुर्चीत बसलेली, कपाळावरून घामाच्या धारा, लुगड्याचा पदर भिजलेला, बोटे मांडीवर थरथरत आहेत. आम्ही हाक मारली. तिने आमच्याकडे पाहिले, पण ओळखल्यासारखे पाहिले नाही. मग हळूच म्हणाली, "अव्वा, पानं मांडू का? सगळे आले."

आमची आई जाऊन तीस वर्षे झाली होती.

सौभाग्यवती मात्र डगमगल्या नाहीत. जवळच चहा-कॉफीचा ओटा होता. तेथील साखरेच्या पुड्या त्यांनी मूठभर उचलल्या, तीन-चार पेल्यात ओतल्या, थोड्या पाण्यात ढवळून घोट-घोट पाजल्या. गिळता येत होते म्हणून हे शक्य झाले. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात असे काही घालावयाचे नसते, थेट डॉक्टर गाठावयाचा असतो. पंधरा मिनिटांत घाम ओसरला. अक्काने आजूबाजूला पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे, "मुलं जेवली का?" जावई धावत वरच्या मजल्यावर गेले. तेथे बुफे मांडलेला होता, आणि तो सारा वेळ उघडाच होता. भात, दही, उकडलेल्या भाज्या, सगळे होते. आम्ही दाराशी ताटकळत होतो तेव्हा एका जिन्याच्या अंतरावर अन्न तयार होते. आमच्या डोक्यात ते आले नाही. दोष जहाजाचा नव्हता. वेळ मोकळी होती, आणि अक्काची वेळ बांधलेली आहे हे अर्ज भरताना आम्ही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याला भेटली. पहिल्या पंगतीत नऊ माणसांच्या मेजावर सात जागा निघाल्या. वेळ पावणेसहा. नातवाचा चेहरा उतरला, कारण पावणेसहाला तेथे लख्ख ऊन असते, पोहण्याचा तलाव भरलेला असतो, घसरगुंडीवर मुलांची झुंबड असते. मार्चमध्ये सूर्य साडेसातला मावळतो आणि इकडे रात्रीचे जेवण! अक्का म्हणाली, "जैनांसारखं झालं. दिवस असतानाच तोंड पुसायचं." सुईची वेळ इतकी अलीकडे आणताना आम्ही बिदरच्या डॉक्टरांना फोन केला; त्यांनी वेळ आणि मात्रा सांगितली, आणि झोपण्यापूर्वी दूध व दोन बिस्किटे घ्यावयास सांगितले. हे विचारणे ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांशीच करावे. निघण्यापूर्वीच केले तर अधिक बरे.

त्या संध्याकाळी जे पाहिले ते मात्र आमच्या कल्पनेत नव्हते. बांधलेल्या बैठकीत मेज तेच, खुर्ची तीच, वाढपीही तेच. आमच्या मेजावर दोघे होते. मुख्य फिलिपाइन्सचा आणि मदतनीस गोव्याचा, साष्टीचा. गोव्याच्या माणसांनी कित्येक पिढ्या जगातल्या जहाजांवर नोकऱ्या केल्या आहेत, तेव्हा ह्यात नवल ते काय, परंतु त्या मुलाने मोडक्या मराठीत "आजी, भात-वरण चालेल?" असे विचारले तेव्हा आमच्या मेजावर एकाएकी घर झाले. लेकीने त्याला सुईची हकिकत सांगितली. पुढच्या दिवसापासून आम्ही बसतो न बसतो तोच अक्कासमोर पाव आणि वाटीभर दही येई, आणि मग आमची निवड सावकाश चाले. हे मोकळ्या वेळेत होणे कठीण. रोज नवे मेज, नवा वाढपी, आणि रोज पहिल्यापासून सांगणे. मांस नको, अंडे नको, साखर नको, आणि हो, लवकर द्या.

शेजारच्या दोन खुर्च्यांवर नेब्रास्कातील एक वृद्ध शेतकरी जोडपे होते. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी नुसते हसणे झाले. दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी विचारले, तुमच्याकडे काय पिकते? आम्ही तूर सांगितली. ती त्यांना ठाऊक नव्हती. सोयाबीन सांगितले, आणि गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे सारे आयुष्य मका आणि सोयाबीन ह्यांतच गेले होते. पुढे रोज भाव, पाऊस, बियाणे, काढणीच्या वेळी पडणारा पाऊस, ह्यावर इतके बोलणे झाले की सौभाग्यवती म्हणाल्या, भालकीच्या अडत बाजारात बसल्यासारखे वाटते. दोघे नवरा-बायको जेवणापूर्वी हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना करीत. अक्काही त्या वेळी हात जोडी. कोणत्या देवाला, ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

परंतु पहिल्या पंगतीचे गुणगान एकांगी होऊ नये. तिसऱ्या दिवशी प्रोग्रेसोला जहाज लागले. तेथे समुद्र उथळ असल्याने धक्का साडेसहा किलोमीटर लांब समुद्रात गेलेला आहे. उतारूंना किनाऱ्यावर नेण्या-आणण्यास मोटारगाड्या ठेवलेल्या असतात. जावई मुलांना घेऊन वाळूत गेले. जहाजाचे घड्याळ गॅल्व्हेस्टनच्या वेळेवर चालत होते. अमेरिकेत तेव्हा उन्हाळी वेळ सुरू झाली होती, आणि मेक्सिकोने २०२२ साली बहुतेक प्रांतांत ती बंद करून टाकली आहे. फोनने आपण होऊन तेथील वेळ धरली, ती जहाजाच्या एक तास मागे. जावई निवांत. शेवटी कुणा सहप्रवाशाच्या मनगटावरचे घड्याळ पाहून धाव ठोकली आणि अगदी शेवटच्या मंडळींबरोबर शिडी चढले. अंगभर वाळू, मुले रडकुंडीस आलेली. पावणेसहाला ते काही मेजावर येऊ शकले नाहीत. अक्काची सुई टोचून झाली होती. तेव्हा जावई उपाशी असताना सासू, सासरे आणि आत्यासासूबाई जेवून उठल्या, अशी आमच्या घराण्याच्या इतिहासातील पहिली नोंद त्या संध्याकाळी झाली. लेक मात्र मधल्यामध्ये अडकली, इकडे दोन घास खाऊन तिकडे धावली. बांधलेली वेळ चुकली की त्या दिवसापुरती चुकली; मग बुफे आहेच, पण मांडलेल्या पानाचे सुख नाही.

ह्यावरून निवड करणारांनी काय पाहावे, हे आमच्या अल्प अनुभवाने सांगतो. ज्या घरात कुणाला औषधाच्या वेळेने जेवावे लागते, ज्यांना रोज नव्या माणसाला आपला आहार समजावून सांगण्याचा कंटाळा आहे, ज्यांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांनी वेळ बांधून घ्यावी. आणि पहिली पंगत घ्यावी, दुसरी नको. दुसरी आठला बसते आणि उठेपर्यंत दहा वाजतात, ते आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आणि लहानग्यांनाही मानवत नाही. पहिल्या पंगतीच्या जागा लवकर संपतात, म्हणून सफर ठरवतानाच मागणी नोंदवावी. कुटुंबाच्या खोल्या निरनिराळ्या नोंदलेल्या असतील तर त्या एकमेकींशी जोडून एकच मेज हवे असे कळवावे, नाहीतर आजोबा एका कोपऱ्यात आणि नातू दुसऱ्या. शाकाहाराचे, विशेषतः आपल्या पद्धतीच्या जेवणाचे, निघण्यापूर्वी कळवून ठेवले तर बरे. चढल्यावर चूक लक्षात आली तर संकोच न करता पहिल्याच दिवशी मुख्य वाढप्याला भेटावे; जागा असली तर बदल करून देतात.

तरुण जोडप्याने, किंवा दिवसभर बंदरांत भटकायचे आहे अशांनी, खुशाल मोकळी वेळ घ्यावी. त्यांच्यासाठीच ती आहे. मात्र मोकळ्या वेळेतही सव्वासहाच्या आत किंवा साडेआठच्या पुढे गेले तर थांबावे लागत नाही, असे आमच्या जावयांनी इतरांकडून ऐकून ठेवले आहे. एकाच कुटुंबात दोन तऱ्हा असू शकतात, हेही ध्यानात घ्यावे. वडील मंडळींची नोंदणी पहिल्या पंगतीत आणि मुलांची मोकळी, असे करता येते. आम्हांस हे आधी सुचले असते तर नातवाची घसरगुंडी वाचली असती. परंतु सुचले असते तरी आम्ही तसे केले असते की नाही, ह्याची शंका आहे. त्या पाच संध्याकाळींपैकी पहिली आणि प्रोग्रेसोची सोडली तर तीन वेळा सातही जण एका मेजावर, एका वेळी, एकत्र जेवलो. बिदरच्या घरी असे कधी घडलेले आम्हांस आठवत नाही, कारण तेथे कुणीतरी वाढायला उभे असते.

शेवटच्या रात्री गोव्याच्या मुलाने अक्काची खुर्ची मागे ओढली, रुमाल उलगडून मांडीवर घातला, आणि समोरचे ताट जरा सरळ केले. अक्का त्याच्या हातांकडे पाहत होती. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "ह्याचं जेवण केव्हा होतं, विचार रे." आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, दुसरी पंगत उठल्यावर, साडेदहा-अकराला. अक्का काही बोलली नाही. परंतु त्या रात्री तिने ताटात काही टाकले नाही आणि सर्वांआधी उठली, मेज लवकर मोकळे व्हावे म्हणून.

मे महिन्यात आम्ही परतलो आणि लगेच भालकीला पुतण्याच्या मुलीचे लग्न निघाले. मंगल कार्यालयात हल्लीच्या रीतीप्रमाणे बुफे. एका बाजूला ताटांची उतरंड, समोर रांग, केव्हाही या, उभ्याउभ्या जेवा. बारा वाजून चाळीस मिनिटांचा मुहूर्त एक वाजून गेला तरी लागेना. सकाळची सुई होतीच, आणि सकाळी खाल्लेले एवढेसे. अक्काने पिशवीतून खडीसाखर काढून तोंडात टाकली आणि यजमानांना, म्हणजे आपल्याच पुतण्याला, हाक मारली. "बाळू, तुझ्या बुफ्याची पहिली पंगत कधी?"

बाळू गोंधळला. आजूबाजूच्या बायका हसल्या. परंतु त्याने आचाऱ्याकडे जाऊन काही सांगितले, आणि दहा मिनिटांत मांडवाच्या मागच्या बाजूला एक लांब मेज आणि आठ खुर्च्या आल्या. अक्का सर्वांत आधी जाऊन बसली. तिच्या मागोमाग आणखी पाच म्हाताऱ्या आपापल्या पिशव्या सावरीत येऊन बसल्या; दोघींच्या पिशवीत, आम्हांस नंतर कळले, सुईच होती. सौभाग्यवती पदर खोचून वरण वाढायला निघाल्या. अक्का म्हणाली, "तू बस. बाळूला वाढू दे."

बाळूने वाढले.